पुस्तक अर्ध्यावर असताना

‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं की बहुतेक माणसं क्षणभर थांबतात. हा क्षण मी इतक्या वेळा पाहिला आहे, की त्यात काय चाललेलं असतं ते आता मला कळतं. समोरचा माणूस निवड करत असतो. त्याच्या उशाशी तीन पुस्तकं असतात. एक वजनदार, महिनाभर न उघडलेलं. दुसरं रात्री दोनपर्यंत जागवणारं. तिसरं कुठल्यातरी खासगी कारणासाठी आणलेलं. उत्तरात नाव येतं ते पहिल्याचं.

मीही हेच केलं आहे. नोकरीतल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या पिशवीत एक रहस्यकथा होती, आणि खून कुणी केला हे कळायला साठेक पानं उरली होती. मी मात्र इतिहासावरच्या एका जाडजूड ग्रंथाचं नाव सांगितलं. ‘अरे वा,’ एवढं म्हणून त्या कामाला लागल्या. बोलणं तिथंच संपलं आणि ते संपणारच होतं, कारण त्या ग्रंथाबद्दल माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांचं टेबल आवरायला मी मदत करत होते, तर खालच्या खणातून रहस्यकथांची चळत निघाली. तीन वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून एकच आवड एकमेकींपासून लपवली होती. त्या न झालेल्या गप्पांची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की आपण जे वाचतो आहोत ते वाचत असतानाच आणि आवडत असतानाच एकमेकांना सांगायला हवं. त्याचबरोबर हे सांगणं आकडे, तारे आणि नोंदी यांच्या हाती जाऊ द्यायला नको. पहिला अर्धा भाग बहुतेकांना पटेल. दुसऱ्यावर वाद होईल, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत ‘सांगणं’ आणि ‘नोंद होणं’ एकच, असं आपण धरून चाललो आहोत.

त्या प्रश्नातला ‘सध्या’ हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. संपलेल्या पुस्तकाबद्दल आपण निकाल देतो. छान होतं, बरं होतं, शेवट फसला. तोवर परीक्षणं वाचून झालेली असतात, चार जणांची मतं कानावर आलेली असतात, आणि त्यांच्या पंगतीत शोभेल अशा बेतानं आपण आपलं मत कापून-शिवून घेतो. पुस्तक अर्ध्यावर असताना एवढी सवड नसते. तेव्हा माणूस म्हणतो, ‘त्या म्हाताऱ्याचं पुढं काय होणार या काळजीनं मी काल झोपले नाही.’ किंवा म्हणतो, ‘दीडशे पानं झाली, अजून कोण कुणाचा भाऊ ते कळत नाहीये, पण सोडवतही नाही.’ ऐकणाऱ्याला यातून पुस्तकाची योग्यता कळत नसेल, पण ते पुस्तक वाचताना माणसाचं काय होतं हे कळतं. पुस्तक उचलावं की नाही हे ठरवायला मला तरी हीच माहिती जास्त उपयोगी पडली आहे.

अर्ध्यावर असताना कंटाळाही कबूल करता येतो. सहाशे पानं संपवल्यावर ‘कंटाळले’ म्हणणं अवघड जातं, कारण मग एवढे दिवस का घालवले याचं उत्तर द्यावं लागतं. दोनशेव्या पानावर ते सहज म्हणता येतं, आणि समोरच्यानं तेच पुस्तक वाचलेलं असेल तर तो सांगतो, की पुढचं प्रकरण ओलांड, मग वेग येतो, किंवा सोडून दे, पुढंही असंच आहे. दोन्ही सल्ले लाखमोलाचे आहेत, आणि दोन्ही पुस्तक संपल्यावर काही कामाचे नाहीत.

आपण नाव घेतो एकाचं आणि वाचतो भलतंच, याचा एक बोलका हिशेब अमेरिकी गणितज्ञ जॉर्डन एलेनबर्ग यांनी २०१४ साली मांडला होता. किंडल या ई-पुस्तकांच्या यंत्रावर वाचणारे लोक आवडलेली वाक्यं अधोरेखित करतात आणि सर्वाधिक वेळा अधोरेखित झालेली वाक्यं सगळ्यांना दिसतात. प्रत्येक पुस्तकातली अशी पहिली पाच वाक्यं कितव्या पानांवर आहेत ते एलेनबर्ग यांनी पाहिलं, आणि त्या पानांची सरासरी एकूण पानांच्या किती टक्क्यांवर येते ते काढलं. लोक शेवटपर्यंत वाचत असतील तर खुणा पुस्तकभर विखुरलेल्या सापडतील, आणि मध्येच सोडत असतील तर सगळ्या सुरुवातीला गोळा होतील, असा साधा तर्क. स्टीफन हॉकिंग यांच्या काळाच्या इतिहासावरच्या जगप्रसिद्ध पुस्तकाचा आकडा आला ६.६ टक्के. अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी यांच्या त्या वर्षी गाजत असलेल्या ग्रंथाचा २.४ टक्के. आणि सातशेहून अधिक पानांच्या एका कादंबरीचा ९८.५ टक्के. हा काटेकोर अभ्यास नव्हता आणि एलेनबर्ग यांनी तसा आवही आणला नव्हता. ललित आणि वैचारिक पुस्तकांत लोक खुणा वेगवेगळ्या कारणांनी करतात, हेही उघड आहे. तरी कपाटावरची नावं आणि डोळ्यांखालून गेलेली पानं यांच्यातली दरी त्या आकड्यांत दिसतेच. ‘तुमची आवडती दहा पुस्तकं’ अशा याद्यांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे. अशा यादीत माणसाला स्वतःची जी ओळख करून द्यायची असते ती उतरते. काल रात्री त्याच्या हातात काय होतं ते तिथं येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. खरा वाचक गुपचूप वाचतो, जगाला सांगत सुटणं हा सगळा दिखावा आहे. या आक्षेपामागच्या भावनेचा मला आदर आहे. वाचताना जो एकांत मिळतो तो मलाही प्राणापलीकडे आहे. पण एकट्यानं, मनातल्या मनात वाचणं हेच वाचनाचं मूळ रूप होतं असं समजण्याचं कारण नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचे बिशप अँब्रोज वाचताना आवाज काढत नसत, नुसते डोळे पानांवरून फिरत, हे पाहून ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑगस्टिन यांना नवल वाटलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. तेव्हा मूकवाचन खरोखर किती दुर्मीळ होतं यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला त्या नोंदीतला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. अँब्रोज असं का करत असावेत याबद्दल ऑगस्टिन अंदाज बांधतात, की मोठ्यानं वाचलं तर ऐकणारा एखाद्या कठीण ओळीपाशी अडवून अर्थ विचारेल आणि वाचन तिथंच खोळंबेल, म्हणून असेल. किंवा घसा जपायचा असेल. म्हणजे वाचणाऱ्याभोवती ऐकणारे असणार आणि ते मध्येच विचारणार, हे तिथं गृहीतच धरलेलं आहे. आणि वाचणाऱ्याला कधी कधी त्यांच्यापासून थोडी सुटका हवी असते, हेही. सोळाशे वर्षांनंतर आपण याच दोन टोकांमध्ये उभे आहोत.

दुसरं उदाहरण क्यूबाचं. १८६५ साली हवानातल्या सिगार कारखान्यांत एक पद्धत सुरू झाली. कामगार तंबाखूची पानं वळत बसलेले असताना उंच आसनावर बसून एक जण त्यांना वाचून दाखवायचा. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, राजकीय लेखन. वाचणाऱ्याचा मोबदला कामगार स्वतःच्या कमाईतून देत आणि काय वाचायचं यातही त्यांचा शब्द असे. हात कामात, कान गोष्टीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही कादंबरीतल्या पात्रांवर तावातावानं बोलू शकत, कारण सगळे एकाच प्रकरणापाशी असत. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, वसाहतीच्या सरकारनं या वाचनावर बंदी घातली. एकट्यानं पुस्तक वाचणाऱ्या माणसाला सत्ता सहसा फारशी घाबरत नाही. शंभर माणसं एकच पान एका वेळी ऐकू लागली आणि त्यावर बोलू लागली की तिला धास्ती वाटते. बंदी टिकली नाही, वाचन पुन्हा सुरू झालं. दिखाव्याचा आरोप करणाऱ्यांनी या कामगारांचा विचार करावा. त्यांना कुणापुढं मिरवायचं होतं?

आता सांगण्याच्या पद्धतीकडे वळते, कारण माझा खरा वाद तिथं आहे.

आज पुस्तक सुचवायला यंत्रं आहेत. ती कशी चालतात हे थोडक्यात पाहू. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ साली त्यांची पद्धत एका निबंधातून जाहीर केली होती. कुठली दोन पुस्तकं एकाच गिऱ्हाईकाकडून घेतली जातात याची जुळणी करायची आणि तुम्ही त्यांतलं एक घेतलंत की दुसरं पुढं करायचं, हा तिचा गाभा. पद्धत हुशार आहे आणि मलाही तिनं बरी पुस्तकं दाखवली आहेत. पण तिची एक मर्यादा तिच्या बांधणीतच आहे. जुळणी करायची तर आधी पुष्कळांनी ते पुस्तक घेतलेलं असावं लागतं. ज्याला अकरा वाचक आहेत असं पुस्तक तिच्या नजरेला जवळजवळ पडतच नाही. जाणकार याला ‘कोल्ड स्टार्ट’ची अडचण म्हणतात.

माणसाला ही अडचण नाही. एका पुस्तकाला जगात एकच वाचक मिळाला आणि तो बोलका असला, तर उद्या दोन होतात. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हा दुसरा आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हा तिसरा. दुसऱ्याचा उच्चार सगळे करतात. मला तिसरा जास्त हलवतो. त्यात पुस्तकाची बाजू घेतलेली आहे. कुठंतरी मांडणीवर धूळ खात पडलेलं पुस्तक कुणाची तरी वाट पाहत आहे आणि त्या दोघांची भेट घडवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य आहे, असं तो नियम सांगतो. हे काम एकट्या ग्रंथपालावर का सोडायचं? ज्यानं ते पुस्तक नुकतंच हातात धरलं आहे, ज्याला ते अजून सुटलेलं नाही, त्याच्याइतका चांगला मध्यस्थ दुसरा कोण?

मध्यस्थाचा आणखी एक गुण असतो. तो दोन्ही बाजू ओळखतो. माझी एक मैत्रीण पुस्तक देताना सांगते, ‘पहिली पन्नास पानं तुला आवडणार नाहीत. तुझ्या आईचं आजारपण ताजं आहे, आणि तिथं हॉस्पिटल आहे. हवं तर सहा महिन्यांनी वाच.’ जुळणीच्या कुठल्याही गणितात हे वाक्य बसत नाही. यंत्राला मी काय घेतलं ते ठाऊक असतं, पण मला सध्या काय सोसणार नाही ते तिलाच ठाऊक असतं.

ताऱ्यांचं तर याहून वाईट. पुस्तकाला पाचपैकी चार तारे दिले की आपण काहीतरी सांगितलं असं वाटतं. प्रत्यक्षात आपण आधीच्या गर्दीत एक भर घातलेली असते, आणि आधीची गर्दी आपल्या मनावर किती बसते हे आपल्याला जाणवतही नाही. मॅथ्यू सालगनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली गाण्यांवर केलेला एक प्रयोग पुस्तकांनाही तितकाच लागू पडतो असं मला वाटतं. चौदा हजारांहून जास्त लोकांना अपरिचित कलाकारांची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले, आणि प्रत्येक गटात आपल्या गटातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडा दिसत होता. गाणी तीच, लोक त्याच प्रकारचे. तरी एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात कुठच्या कुठं राहिलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार सहसा वर आली नाहीत. पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि मधलीच तर सगळ्यात जास्त असतात. आपल्या कपाटातली बहुतेक पुस्तकं तशीच मधली आहेत. त्यांचं नशीब पहिल्या चार-पाच माणसांनी कुठलं बटण दाबलं यावर ठरावं?

पुढं २०१३ साली लेव मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना आपल्या मनानं, सोडत काढल्यासारखी, एकेक अनुकूल खूण देऊन पाहिली. त्या एका खुणेमुळे शेवटची पसंती सरासरी २५ टक्क्यांनी वाढली. प्रतिकूल खूण दिली तर मात्र लोक ती दुरुस्त करत. कौतुकाच्या मागं आपण डोळे मिटून जातो, निंदेच्या वेळी थोडं थांबतो. माणसाच्या स्वभावाचा हा भला भाग आहे असं मला वाटतं. पण त्यामुळे ताऱ्यांच्या सरासरीवरून पुस्तकाबद्दल काही कळतं हा समज मात्र टिकत नाही.

याच मालिकेतला तिसरा अभ्यास मला सर्वांत जवळचा. बलाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ साली पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि अंतिम यादीत येऊन हुकलेली पुस्तकं यांची तुलना केली. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचे वाचक वाढले आणि वाचकांनी दिलेले गुण घसरले. पुस्तक काही बदललं नव्हतं. पुरस्काराच्या बातमीनं त्या पुस्तकाकडे अशी माणसं ओढली गेली, ज्यांच्या आवडीचं ते नव्हतंच. ‘सर्वोत्तम’ असा शिक्का सगळ्यांना हाक मारतो, आणि सगळ्यांसाठी असं पुस्तक नसतं. सांगताना कुणाला सांगतो आहोत हे डोळ्यांसमोर असावं, असं मी म्हणते ते यासाठी.

मोजणीबद्दल थोडक्यात. वाचकांच्या गुडरीड्स या संकेतस्थळावर २०११ पासून वर्षाचं लक्ष्य ठरवून वाचण्याचं आव्हान चालतं आणि आता तशी आव्हानं जागोजागी आहेत. काही जण त्यामुळे पुन्हा वाचायला लागले, हे चांगलंच झालं. मीही एक वर्ष ५२ पुस्तकांचं लक्ष्य ठेवलं होतं. ऑक्टोबर उजाडला तसं माझ्या लक्षात आलं, की मी पातळ पुस्तकं शोधते आहे, कवितासंग्रह एका बैठकीत ‘संपवते’ आहे, आणि ज्या कादंबरीची मी वर्षभर वाट पाहिली ती नऊशे पानांची आहे म्हणून जानेवारीवर ढकलते आहे. ज्या कवितेपाशी दोन दिवस थांबायला हवं होतं तिथं मी दोन मिनिटं थांबले. ते वर्ष मला परत हवं आहे.

आता सगळ्यात गंभीर भाग, तो म्हणजे नोंद.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी ग्रंथपाल नीना ब्राउन यांच्या नावानं ओळखली जाणारी देवघेवीची पद्धत निघाली आणि पुढं अनेक ग्रंथालयांनी ती स्वीकारली. वाचकाकडे छोटे खिसे असलेली तिकिटं, आणि पुस्तकात त्या पुस्तकाचं कार्ड. पुस्तक नेताना कार्ड वाचकाच्या तिकिटात खोचायचं आणि परत करण्याच्या तारखेनुसार लावून ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. झालं. ते पुस्तक कुणी नेलं होतं याचा मागमूस उरत नसे. काही ग्रंथपालांना हा त्या पद्धतीचा दोष वाटे, कारण आकडेवारी मिळत नसे. मला तो त्या पद्धतीचा सगळ्यात सुंदर गुण वाटतो. पुस्तक आणि वाचक यांचं जे काही झालं ते त्या दोघांत राहिलं. अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या १९३९ च्या आचारसंहितेत वाचकांबद्दल कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य मानलं आहे. हे तत्त्व या व्यवसायात पुढंही टिकलं. ग्रंथालयांसाठीच्या कोहा या मुक्त संगणक-प्रणालीत आजही, आपला वाचनाचा इतिहास ठेवावा की पुसावा हे वाचकाला ठरवू देण्याची सोय आहे.

ई-पुस्तकाचं तसं नाही. फोनवर वाचायचं थांबवलं आणि दुसऱ्या यंत्रावर तेच पान उघडलं, तर ते कसं उघडतं? आपण कुठं थांबलो हे मध्ये कुणाला तरी कळवलं गेलेलं असतं म्हणून. कुठलं वाक्य अधोरेखित केलं हेही असंच कळवलं जातं. एलेनबर्ग यांचा जो हिशेब मी वर मोठ्या उत्साहानं सांगितला, तो याच खुणांमुळे शक्य झाला. तिथं कुणा एकाचं नाव नव्हतं, सगळ्यांची बेरीज होती, हे खरं. पण बेरीज करायची तर सुट्टे आकडे कुणाकडे तरी असावे लागतात.

‘असेनात का, मी काय लपवण्यासारखं वाचतो?’ असं विचारणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला एक खटला सांगते. अमली पदार्थ बनवण्याच्या एका जागेवर पोलिसांनी छापा घातला. तिथं ते पदार्थ कसे बनवायचे यावरची दोन पुस्तकं सापडली आणि कचऱ्यात एका पुस्तक दुकानाचं टपालाचं पाकीट. त्या पाकिटातून काय गेलं होतं ते सांगा, असा आग्रह पोलिसांनी दुकानाकडे धरला. दुकानानं नकार दिला आणि लढा दिला. २००२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दुकानाच्या बाजूनं दिला. कुणाला न कळता पुस्तक विकत घेणं आणि वाचणं हा माणसाचा हक्क आहे आणि तो मोडायला फार भक्कम कारण हवं, असं न्यायालयानं मानलं. नंतर उघड झालं, की त्या पाकिटात जपानी सुलेखनावरचं पुस्तक होतं.

आपल्या वाचनावर कुणाचा डोळा आहे असं वाटलं तरी माणसं आखडतात. पाळत ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणांची माहिती जून २०१३ मध्ये फुटली, त्यानंतर दहशतवादाशी संबंधित विषयांवरचे विकिपीडियावरचे लेख उघडण्याचं प्रमाण घटल्याचं कायद्याचे अभ्यासक जॉनथन पेनी यांनी २०१६ साली दाखवलं. ते लेख वाचणं कुठंही गुन्हा नव्हता. आणि माणसं फक्त राजकारणाचं वाचत नाहीत. कुणी गाठ लागली म्हणून वाचतं, कुणी संसार मोडतो आहे म्हणून, कुणी देवावरचा विश्वास उडाला म्हणून, कुणी सोळाव्या वर्षी स्वतःचं शरीर समजून घ्यायला. उशाशी असलेलं ते तिसरं पुस्तक हेच. त्याबद्दल गप्प बसण्याचा हक्क नसेल, तर पहिल्या दोघांबद्दल बोलण्यालाही काही मोल राहत नाही. सांगणं ही भेट असते. जी वस्तू आपोआप काढून घेतली जाते ती भेट देता येत नाही.

फ्रेंच शिक्षक आणि लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. न वाचण्याचा हक्क, पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क असं करत करत ती दहाव्या हक्कापाशी संपते, आणि तो आहे गप्प राहण्याचा. आयुष्यभर मुलांना वाचनाची गोडी लावणाऱ्या माणसानं शेवटची जागा मौनाला दिली. यातला अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझी एक भाची आहे, पंधरा वर्षांची. लहानपणी ती प्रत्येक पुस्तक माझ्याकडे घेऊन येई आणि मी मोठ्या हौसेनं विचारी, ‘मग काय शिकलीस यातून?’ हळूहळू तिनं आणणं बंद केलं. कसं सुचलं मला ते विचारणं, असं आता वाटतं. एखाद्या मोठ्या माणसाला आपण हे कधी विचारू का? गेल्या वर्षी ती आमच्याकडे महिनाभर राहिली तेव्हा तिच्या हातात सतत एक पुस्तक असे आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी खोलीत गेले की ती ते पालथं ठेवी. नाव विचारायचं अगदी ओठांवर येई. मी विचारलं नाही. त्याऐवजी मी काय वाचते आहे ते रात्री जेवताना तिला सांगू लागले, फक्त कुठवर आले ते. आज त्या बाईनं घर विकायचं ठरवलं. आज काहीच घडलं नाही, नुसतं पावसाचं वर्णन, झोप आली. आज मला ते पुस्तक फेकावंसं वाटलं. ती ऐकून घेई, काही बोलत नसे.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दिवे मालवल्यावर ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ‘मावशी, जागी आहेस? माझ्या पुस्तकात एक मुलगा आहे. तो सगळ्यांशी खोटं बोलतो. आणि मला तो आवडतो. हे बरोबर आहे का?’ मी सरकून तिला जागा करून दिली. अंधारात ती पाऊण तास बोलत होती. तो मुलगा, त्याचा भाऊ, कुणाला तरी लिहिलेलं आणि न टाकलेलं एक पत्र. मध्येच म्हणाली, ‘थांब, हे मी अजून वाचलेलं नाही, हा माझा अंदाज आहे.’ मग तो अंदाज सांगितला. मी माझा सांगितला. आमचं भांडण झालं. उद्या वीस पानं वाचून कोण बरोबर ते बघू, असं ठरवून ती झोपायला गेली.

पुस्तकाचं नाव तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.